तांबड्या जोड्यांचं माप

तांबडे जोडे साऱ्या साम्राज्यात एकच माणूस घालतो. दुसऱ्या कुणाच्या पायात ते दिसले, तर त्याला सम्राट व्हायचंय एवढाच त्याचा अर्थ. मग त्याला धरतात, आणि ते जोडे शिवणाऱ्यालाही धरतात.

सिसिनिओस एकतीस वर्षं ते जोडे शिवत होता. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला लागून चामडं कमावणाऱ्यांची वस्ती आहे, तिथला त्याचा जन्म. बाराव्या वर्षापर्यंत त्यानं कातडी खरवडली. मग आरी हातात आली. पुढे राजवाड्याच्या कारखान्यात बसायला जागा मिळाली. पंधरा दिवसांत एक जोड, हा त्याचा वेग. त्याहून लवकर शिवणाऱ्याला तो कारागीर म्हणत नसे. तीन सम्राटांचे पाय त्याला तोंडपाठ होते. चेहरे तेवढे आठवत नसत. गुडघ्यावर बसलेल्याला पायच दिसतात.

प्रत्येक सम्राटाचं माप एकदाच घेतलं जाई, गादीवर बसताना. त्यावरून पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे कोरायचे आणि खुंटीला टांगायचे. नंतर मापाचं काम नाही. म्हणून त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात हिलारिओन स्वतः कारखान्यात आला आणि त्यानं चामड्याच्या दोन पट्ट्या पुढे टाकल्या, तेव्हा सिसिनिओसनं आरी खाली ठेवली. हिलारिओन सम्राटांच्या खोलीचा कारभारी, खोजा. तो जोडे न्यायलाही कधी स्वतः येत नसे.

"या मापाचे शीव. तांबडे. ईस्टरच्या आत हवेत."

"फर्मे टांगलेले आहेत, साहेब. नवं माप कशाला?"

"मी तुला विचारायला आलो नाही. तूही विचारू नकोस."

एक पट्टी डाव्या पायाची, एक उजव्या. लांबी, चवडा, घोटा अशा तीन खाचा. सिसिनिओसनं पट्टी बोटांतून नुसती फिरवली. चवड्याची खाच फार लांब होती. घोट्याची त्याहून. सम्राटांचा घोटा त्याला माहीत होता, बाईसारखा बारीक. हा पाय जाड माणसाचा होता.

आणि पाण्यापलीकडे, आशियाच्या काठावर, पूर्वेच्या फौजेचा तळ महिनाभर पडून होता. का पडून आहे ते कुणी सांगत नव्हतं. तिचा सेनापती अंगानं असा, की त्याला घोड्यावर चढवायला दोघे लागत.

घरी त्याच्या बायकोनं, अँथुसानं, भाकरी आणि जैतून पुढे ठेवले. त्यानं हात लावला नाही.

"अगं, हे पाय त्यांचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"जाड माणसाचे."

"जाड माणूस काय शहरात एकच आहे? माझा भाऊ बघा."

"तुझ्या भावाला तांबडे जोडे कोण देतंय?"

तिनं हातातली सुरई खाली ठेवली. "मग नगराधिकाऱ्याकडे जा. त्या भरतकामवाल्या लिओंतिओसचं काय झालं आठवतं ना? कुणाच्या तरी झग्यावर सम्राटांचा गरुड भरायला सांगितला, यानं भरला. कुणासाठी ते विचारलं नाही. डोळे काढले त्याचे. आता देवळाच्या पायरीवर बसतो."

"आणि मी सांगतो का, हे बघायलाच हिलारिओननं पट्ट्या दिल्या असतील तर?"

"शिवलं तरी डोळे, बोललं तरी डोळे. काहीतरी एक ठरवा आणि आधी जेवा."

त्यानं जायचं ठरवलं. पण नगराधिकारी पहिलं हेच विचारणार, की माप कितीनं वेगळं आहे? अंदाजे सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सकाळी कारखान्यात कुणी नसताना त्यानं जुने फर्मे खुंटीवरून काढले आणि पट्ट्या त्यावर धरल्या.

चवडा दोन बोटं जास्त. घोटा तीन बोटं. लांबी मात्र तीच.

असं असू शकतं, तो मनाशी म्हणाला. दोन माणसांची लांबी जुळते. मग त्यानं दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. डाव्या पायाची लांबीची खाच जवाच्या अर्ध्या दाण्याइतकी आखूड होती. फर्म्यांतही तेवढाच फरक होता. लहानपणी सम्राटांच्या डाव्या पायावर घोड्यानं पाय दिला होता, त्याचा. ते अर्ध्या दाण्याचं अंतर त्यानंच स्वतःच्या हातानं फर्म्यात कोरलं होतं.

माणूस तोच होता. पाय सुजले होते.

सिसिनिओस खाली बसला. बापाचे पायही शेवटी असेच भरले होते. आधी घोटे, मग पोट. पुढचा हिवाळा बापानं बघितला नाही.

आता त्याला फौज का थांबली आहे ते कळलं. ती सम्राटांच्या दुखण्याच्या बातमीची वाट पाहत होती. आणि ही बातमी राजवाड्याबाहेर एकट्या त्याच्याकडे होती. नगराधिकाऱ्याकडे गेला असता, तर ती स्वतःच्या तोंडानं वाटून आला असता.

त्यानं जुन्या फर्म्यांवर चामड्याचे पापुद्रे चिकटवून ते वाढवले. तळ बाहेरून पूर्वीएवढाच ठेवला, वरचं चामडं आत दुमडलं. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी, सैल करायची वादी घातली. कडांना रंगाचा एक हात जास्त दिला, म्हणजे पाय बारीक दिसावा. तीन वेळा उसवलं. चौथ्यांदा जमलं. मग पट्ट्यांचे बारीक तुकडे करून सरसाच्या भांड्यात टाकले.

हिलारिओन न्यायला आला. वादी बोटानं ओढून बघितली.

"ही मी सांगितली नव्हती."

"यंदा चामडं आखडतंय, साहेब."

"कोण म्हणतं?"

"चामडंच."

"पट्ट्या कुठे आहेत?"

"सरसात उकळल्या. फर्मे जुनेच आहेत. माप बदललंय असं मला दिसलं नाही."

हिलारिओननं वादी पुन्हा आत सारली. मग जोडे कापडात गुंडाळून निघून गेला. शाबासकी दिली नाही. धमकीही दिली नाही. सिसिनिओसला दुसरीच बरी वाटली असती.

ईस्टरला सम्राट चालत मोठ्या देवळात गेले. गर्दी त्यांचं तोंड बघत होती. सिसिनिओस पाय बघत होता. घोटा बारीक दिसत होता. डावी टाच जरा उशिरा टेकत होती, पण ते नेहमीचंच.

शेजारच्या माणसाची नजरही खाली होती. उन्हानं रापलेला, कमरेला पूर्वेच्या फौजेचा पट्टा.

"नवे दिसतात," तो म्हणाला.

"ईस्टरला दरवर्षी नवेच असतात."

"कुणी शिवलेत?"

सिसिनिओसनं रंगानं तांबडी झालेली नखं झग्यात ओढून घेतली. "कोण जाणे. मी मासे विकतो."

"मग तुझ्या अंगाला वास कसा नाही?"

"चाळीस दिवस उपास होता. कोण घेतंय मासे?"

तो माणूस हसला नाही. त्यानं पुन्हा देवळाच्या दाराकडे पाहिलं, पण तोवर जोडे आत गेले होते.