बसून रांधणारी आत्या

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या आत्याइतकी आळशी सुगरण आजवर झाली नाही आणि यापुढे व्हायची नाही. आळशी हा शब्द माझा नाही. तो तिनंच स्वतःला मोठ्या मानानं लावून घेतला होता. ती बाबांची चुलतबहीण. तिचे यजमान कोर्टात कारकून होते. ते वारल्यावर यवतमाळच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि राळेगावकडच्या खेड्यातून कॉलेज शिकायला आलेली मी तिच्याकडे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, पण त्या पदवीत या बाईच्या आळसाचा केवढा वाटा आहे, ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

आत्या बसून रांधायची. ओट्यावरची शेगडी तिनं यजमानांच्या हयातीतच खाली उतरवून घेतली होती. "उभं राहून फक्त राष्ट्रगीत म्हनावं," असं तिचं मत होतं. पाटावर ती एकदा बसली, की तेल, मीठ, तिखट, डाळीचा डबा असं सगळं हाताच्या टप्प्यात. जे टप्प्यात नाही ते त्या दिवशीच्या जेवणातही नाही. दमलेल्या माणसानं काय खावं, यावर तिचा असा अभ्यास होता की त्यावर विद्यापीठानं पेपर काढायला हरकत नव्हती. संध्याकाळी मी घरी आले की ती माझं तोंड बघत नसे, चपला बघे. चपला जोडीनं भिंतीला लागल्या तर अंगात थोडा जीव आहे असं समजून चिकोल्या, म्हणजे तुरीच्या वरणात कणकेचे तुकडे सोडून शिजवायचे. भाजी नको, पोळी नको, एकाच पातेल्यात, आमच्याकडच्या भाषेत गंजात, सगळा संसार. एक चप्पल दारात आणि एक अंगणात पडली, तर ज्वारीच्या कण्या आणि ताक. चपला घालूनच मी आत आले, तर ती पळीत तेल तापवी, त्यात लसूण आणि तिखट टाकून भुरका करी आणि सकाळची भाकर पुढे सरकवी. "खाय अन् लंबी हो. दुनिया सकाळी बी इथंच राह्यते."

थकलेल्या बाईनं पक्वान्न केलं की ते खाणाऱ्यावर डाफरतं, अशी तिची पक्की श्रद्धा होती. शेजारच्या वहिनी एकदा अंगात ताप असताना पुरण वाटत होत्या, कारण त्यांच्या नवऱ्याचे साहेब जेवायला येणार होते. आत्या आत गेली, गॅस बंद केला, वहिनींना गादीवर ढकललं आणि साहेबांना वरण-भात आणि भुरका वाढला. वहिनींचा नवरा लाजेनं दाराआड उभा. साहेबांनी तीनदा भात मागून घेतला आणि निघताना हळूच विचारलं, "आमच्या घरी येऊन शिकवाल का?" आत्या म्हणाली, "आमी कोठी जात नसतो. तुमच्या बाईसाह्यबाले पाठवा. नाई त तुमीच या." पुढच्या रविवारी साहेब स्वतः आले, वही न आणता आले म्हणून आत्यानं त्यांचं कौतुकही केलं.

मी दुसऱ्या वर्षाला होते. कापसाला भाव नाही, म्हणून मजूर लावणं परवडत नाही, अशी ती वर्षं. ऐन वेचणीत बाबा एका दुपारी दारात येऊन उभे राहिले. पाणी प्यायले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, पोरीले नेतो. तिची माय दिवसभर वावरात वेचून राह्यली, सांजच्याला तिची कंबर धरते. तिच्यानं उठनंच होत नाई. रांधीन कोन?"

"ने ना," आत्या म्हणाली. "परत कधी आनशीन?"

बाबा टोपीची घडी घालत बसले. एकदा चुलीशी बसलेली पोर परत कॉलेजात येत नसते, हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मी पुस्तक उघडं धरून बसले होते, पण अक्षर दिसत नव्हतं.

"म्हनजे पोरीचं शिक्षन भाकरीवर अडलं," आत्या म्हणाली. "तुले हात नाई का रे?"

"माह्यावाले?" बाबांनी आपले हात असे पाहिले, जणू कोणी चुकून त्यांच्याजवळ ठेवून गेलं होतं.

"तुहेच. चाल, मी येतो."

कोपऱ्यावरच्या दुकानातही न जाणारी आत्या एस.टी.त बसली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून पिशवी धरायला मीही गेले. घरी आई ओसरीत कुशीवर पडलेली. आत्यानं अंगणात बाज ओढवून घेतली, तिच्यावर मांडी घातली आणि बाबांना चुलीपुढं बसवलं. ही बातमी कुंपणावरून गल्लीत गेली. शेजारचे काका दातात काडी घालून हजर. "काय हो भाऊ, वहिनीनं आज चुलीशी जुंपले वाटते!"

"तू बी ये," आत्या बाजेवरून ओरडली. "तुले चहा तरी येते का?"

काकांनी दातातली काडी फेकली, पण ते हलले नाहीत.

पहिला धडा कण्यांचा. "गंजात पानी ठेव, मीठ टाक, अन् कण्या सोड," एवढंच सांगून आत्या आईशी बोलायला वळली. किती सोडायच्या हे तिनं सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही. त्यांनी जन्मभर एकच भरणं केलं होतं: गाडीत कापूस टाकायचा, पायानं खुंदायचा, बसला की वर आणखी टाकायचा. त्याच नेटानं त्यांनी गंजात कण्या घातल्या, पळीनं दाबल्या, जागा झाली म्हणून पुन्हा घातल्या आणि वर झाकण ठेवून त्यावर वरवंटा चढवला. थोड्या वेळानं वरवंटा हलू लागला. मग झाकण तिरपं झालं. मग कण्या गंजाबाहेर आल्या, चुलीत उतरल्या, आणि बाबा दोन्ही हातांनी झाकण दाबत ओरडले, "बाई, हे उठून राह्यलं!"

"अरे, तो कापूस होय का! कापूस दाबला त बसते. कण्या पानी पेते अन् फुगते!"

ओसरीतून कसलासा आवाज आला. मी घाबरून पाहिलं, तर आई कंबर धरून हसत होती. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. "हसवू नोका हो, लागते," म्हणायची आणि पुन्हा हसायची. गंजातल्या कण्या आमच्याच्यानं संपणाऱ्या नव्हत्या. आत्यानं पाणी घालून त्या दुसऱ्या भांड्यात सारख्या केल्या, काकांना ताक आणायला पिटाळलं आणि अर्धी गल्ली अंगणात जेवली. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःहून कणीक मळली. चिकोल्या कोयत्यानं तोडल्यासारख्या झाल्या, पण झाल्या. आईनं ताट पुसून खाल्लं.

मला एस.टी.त बसवून देताना बाबा खिडकीशी आले. ते काही तरी मोठं बोलतील असं मला वाटलं. "पेपर चांगले लिहिजो," एवढंच म्हणाले. आत्या मात्र आणखी आठवडाभर त्या बाजेवर राहिली. उतरण्याचा कंटाळा आला होता, असं तिनं सांगितलं.

मला नोकरी लागल्यावर काही वर्षांनी आत्या गेली. मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. कडू घास बाहेरून यावा लागतो. बायका दाराशी हळू आवाजात ठरवत होत्या, कोणाकडून काय आणायचं. बाबा उठले, कोणाला न विचारता दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या घरी गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात फडक्यानं धरलेला गंज होता. चिकोल्या अगदी सारख्या कापलेल्या होत्या. त्यांनी स्वतः वाकून सगळ्यांना वाढलं. कोणी तरी विचारलं, "कोनं केल्या?"

"मीच," बाबा म्हणाले. "बाईनं शिकवलं..." आणि त्यांनी माझ्या ताटात, मी नको म्हणत असताना, आणखी एक पळी वाढली.