उंबराखालचा रोहू

गिरीज गावच्या गुरुदत्त राऊतांना धरणावर मासा कुठे लागतो आणि कधी लागतो, हे चुकूनसुद्धा विचारू नका. विचारलंत, तर हातातला चहा गार झालाच म्हणून समजा. वारा ज्या काठाला पाणी ढकलतो त्या काठाला बसा. दोन दिवस ढग राहून ऊन पडलं की सकाळी जा. दरवाजे उघडून पाणी सोडलं असेल तर दुसऱ्या दिवशी घरी झोपा. असं बरंच काही, आणि सगळं बोटांवर मोजत.

माणूस मुळात वाडीवाला. घरची केळी, नारळ, अळू, आणि पोटासाठी सरकारी कचेरी. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि बारा वर्षं हा नाद. पण नाद कसला, अभ्यासच तो! मे महिन्यात जग आंबे खातं, तेव्हा गुरुदत्तकाका महामार्गापलीकडच्या त्या अफाट धरणाच्या कोरड्या तळात टोपी घालून हिंडतात. पाणी खाली गेलं की बुडालेल्या शेतांचे बांध, जुनी विहीर, झाडांचे बुंधे उघडे पडतात. ते सगळं पावलांनी मोजून वहीत उतरवायचं. धरण भरल्यावर इतरांना नुसतं पाणी दिसतं. काकांना खालचा बांध दिसतो आणि बांधाच्या आडोशाला मासा. अशा बारा वह्या कपाटात आहेत. त्यापायी मंदाकाकूंच्या साड्या ट्रंकेत गेल्या, ती गोष्ट वेगळी.

आणि मासे? मिळायचे की! पण घराचा उंबरा काही त्यांनी ओलांडला नाही. समुद्राकाठी जन्म काढलेल्या काकूंना गोड्या पाण्याचा मासा म्हणजे मासाच वाटत नसे. "चिखल आहे तो नुसता. माझ्या तव्यावर नको," असं एकदा म्हणाल्या ते म्हणाल्या. त्यात पाचूबंदरहून दारावर मासे घेऊन येणारी आल्बिना आगीत तेल ओतायची. "काका, धरनाच्या पान्यात चव असती तर आमी दर्यात कशाला मरायला गेलो असतो?" मग दोघी खदाखदा हसायच्या आणि काका पेपरात तोंड खुपसायचे. धरलेले मासे ते धरणाकाठच्या पाड्यावर वाटून येत. लोक आवडीनं खात, पुढच्या खेपेची वाट बघत. पण बायकोनं एकदा, फक्त एकदा आपला मासा खाऊन 'बरा आहे' म्हणावं, एवढी एकच हौस काकांना बारा वर्षं होती. हसू नका. माणसं याहून लहान गोष्टींसाठी झुरतात.

यंदा गणपतीनंतर काकांचा पाय काठावर घसरला. गुडघा सुजला, मोबाइल पाण्यात गेला. मुलगा निमिष भडकला. "बाबा, बस्स झालं. यापुढे एकटं जायचं नाही. आई बरोबर असेल तरच."

आई आणि धरणावर! पण काकू उलट ठसक्यात म्हणाल्या, "येते की. बघूनच घेते एकदा, काय दिवे लावता तिथे. पण आत्ताच सांगते, तुम्ही मासा पकडलात तर मी शिजवीन आणि खाईन. नाही पकडलात तर गळाची काठी माळ्यावर. कायमची. कबूल?"

काका 'कबूल' म्हणाले आणि त्याच रात्री बाराच्या बारा वह्या काढून बसले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी निमिषनं दोघांना उजाडता उजाडता धरणावर सोडलं आणि तो चंदनसारला सासुरवाडीला गेला. बाराला न्यायला येणार होता. काकांनी नऊ नंबरची वही उघडली, पावलं मोजली आणि बुडालेल्या विहिरीच्या अगदी समोर बैठक मारली. हळद-हिंग घालून मळलेली कणीक गळाला लावून टाकली.

सात वाजले. आठ वाजले. मासा सोडा, बेडूकही फिरकला नाही. मग चार नंबरच्या वहीतला बांध, मग अकरा नंबरमधला बुंधा. काठी ढिम्म हलेना. काकू चटईवर बसून शेंगा सोलत होत्या. मधूनच घड्याळ बघत होत्या, आणि काकांना तेच जास्त झोंबत होतं. दहाच्या सुमारास त्यांचा उतरलेला चेहरा बघून काकूंनाच राहवेना.

"अहो, तिकडे का नाही बसत? त्या उंबराखाली?"

"तिथे काही नाही. तळ सपाट आहे. मोजलाय मी."

"खाली नसेल. जरा वर बघा! झाड लगडलंय नुसतं. पिकलेली उंबरं टपाटप पाण्यात पडतायत. फळ पडेल तिथे खाणारा येणारच. आपल्या केळीच्या घडावर वटवाघळं येतात, ती काय वही बघून येतात?"

काकांनी वर बघितलं. बारा वर्षं तळ धुंडाळला, मान काही वर केली नाही. आणि हे कुणी, तर जातिवंत वाडीवाल्यानं! त्यांना स्वतःचाच राग आला.

दोघं उंबराखाली गेली. काकूंनी एक उंबर उचलून गळाला खोचलं. "द्या इकडे, बघू कशी धरतात ती." काका काठी धरायची रीत सांगताहेत तोवर काठी वाकलीसुद्धा.

"अगं बाई! अहो, ओढतोय हा मेला!"

"ढील दे! सोडू नकोस! ढील दे!"

"ढील देऊ की सोडू नको, काय ते एक सांगा!"

पाच मिनिटांनी चांगला दोन किलोचा रोहू काठावर तडफडत होता आणि काकू चिखलात बसकण मारून हसत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण असं हसताना काकांनी त्यांना शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. मग निमिष येईपर्यंत त्यांनीही त्याच उंबराखाली गळ टाकला. एक मासा लागेल तर शपथ.

दुपारी तांदळाच्या पिठात घोळवलेल्या तुकड्या काकूंच्या तव्यावर चुरचुरल्या. काकूंनी काटे काढून पहिला घास तोंडात घातला. काका स्वतःचं ताट विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"बरा आहे," काकू म्हणाल्या. "चिखलाचा वास नाही हो याला. तुम्ही पकडलेल्याला येत असेल."

काका हसले खरे. पण 'बरा आहे' ऐकायला मिळालं, तेही दुसऱ्याच्या माशाबद्दल. आणि शब्द म्हणजे शब्द. जेवण उरकून ते उठले, काठी घेतली आणि माळ्याला शिडी लावली.

"ती कुठे नेताय?"

"माळ्यावर. ठरलं होतं ना. मासा तू पकडलास, मी नाही."

"मी पकडला ना? मग काठी आता माझी. ठेवा खाली," काकू खरकटी ताटं गोळा करत म्हणाल्या. "तुमच्यासाठी दुसरी बघा. आणि उद्या आल्बिना आली की सांगा तिला, रविवारी आमच्याकडे मासे नकोत."