खंडेनवमीच्या आधी पुसलेले चार कॉम्प्युटर

खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती आणि आमच्या नागापूरच्या कारखान्यात चार जुने कॉम्प्युटर टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते... नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऑफिसला नवीन मशीन्स आली होती आणि जुनी चार कामगारांना द्यायची असं मालकांनी ठरवलं होतं. चिठ्ठ्याही काढून झाल्या होत्या. पूजा झाली की ज्याचं त्याने घरी न्यायचं.

कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे मी, एक एसी खोली आणि बाहेर चपला काढायची पाटी!

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "सगळं डिलीट केलंय ना, सुजाता मॅडम? मग झालं तर."

मी म्हटलं, "नाही साहेब, झालं नाही. पाच मिनिटं बसा."

पर्सोनेल विभागाचं मशीन चालू केलं. त्यावर कामगारांचे पगार, रजा, मेमो, वार्षिक मेडिकल तपासणी असं सगळं असायचं. आता डिरेक्टरी रिकामी दिसत होती. मी अनडिलीटची कमांड दिली... स्क्रीनवर पुसलेल्या फाइल्सची रांग लागली. प्रत्येकीच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर गेलेलं. मेडिकलच्या फाइलला मी 'एम' दिला आणि फाइल परत हजर! उघडून मुद्दाम साहेबांचंच नाव शोधलं. वय, वजन, ब्लड प्रेशर, शुगर...

साहेबांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "हे कुणाच्याही पोराला जमेल?"

"पुस्तक वाचता येणाऱ्या कुणालाही जमेल, साहेब."

"किती वेळ लागेल तुम्हाला?"

"पूजेच्या आधी देते."

त्या काळी हे असं करायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण माझं मत पक्कं होतं... माणसं आपली माहिती कंपनीला देतात, शेजाऱ्याला नाही. नावं-गावं आपल्याच हाताने टाइप केली असली की ती नुसती फाइल राहत नाही.

माझ्याकडे फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम होता. तो अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत जायचा, म्हणजे जुनं काही शिल्लकच राहत नसे. तीन मशीन्स त्याने नीट साफ झाली. चौथं, नेमकं पर्सोनेलचं, मध्येच अडकलं. डिस्कचा काही भाग खराब झाला होता. तिथे नवीन काही लिहिलं जात नव्हतं आणि जुनं किती उरलंय ते कळायला मार्ग नव्हता.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, डिस्क काढली आणि थेट टूलरूममध्ये गेले.

तिथे ड्रिलिंग मशीनवर भानुदासमामा होते. मिरजगावकडचे, पन्नाशीचे, फार न बोलणारे. मी म्हटलं, "मामा, ह्याला आरपार भोकं पाडायची आहेत."

त्यांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट बघितली. "चांगली दिसतीया की, ताई. काय हाय ह्यात?"

"पर्सोनेलच्या मशीनमधली आपल्या सगळ्यांची माहिती. पगार, रजा, मेडिकल..."

"तपासनीचं पन?"

"हो. तेपण."

मामांनी डिस्क व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि ड्रिल खाली घेतलं. पत्र्यातून आत चकचकीत तबकड्यांपर्यंत गेलं तसा आवाज बदलला... भोक आरपार पडलं. मी म्हटलं, "बास, मामा."

"अजून एक मारू का?"

दुसरं मारलं. मग तिसरं. मग न विचारताच पुढची... त्या डिस्कची चाळण झाली तेव्हाच त्यांनी मशीन बंद केलं.

हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मागं मी काविळीची रजा घेतल्ती. कावीळ न्हवती ती... टीबी हुता. औषधं पुरी केली, डागदरनी बरा झाला म्हनून सांगितलं. पन हितं कुनाला ठाव न्हाई. मी अन् पेंट शॉपचा रावसाहेब रोज एका डब्यात जेवतो. अन् हे मशीन चिठ्ठीत त्यालाच लागलंय... कालपास्नं जीव थाऱ्यावर न्हवता."

मला ते माहीत होतं. ती नोंद मीच टाइप केली होती. पण मी तसं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "मामा, ह्या डिस्कवर आता काही उरलं नाही. नव्या मशीनवरची मेडिकलची फाइल पासवर्ड टाकून बंद आहे, आणि तो पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे."

त्यांनी मान हलवली. चाळण झालेली डिस्क फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

खंडेनवमीला मशीन्सना झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटले आणि चौघांनी आपापले कॉम्प्युटर नेले. रावसाहेब जरा कुरकुरले, "मॅडम, माझ्याच मशीनला डिस्क न्हाई व्हय?" मी त्यांना मशीन सुरू करायची डॉसची फ्लॉपी दिली आणि डिस्कशिवाय कसं चालवायचं ते तिथेच दाखवलं. मशीन सुरू झालं आणि स्वारी खूश!

पुढे बऱ्याच महिन्यांनी भानुदासमामा एकदा माझ्या खोलीच्या दारात आले. चपला काढून, हसत. म्हणाले, "ताई, सांगितलं मी रावसाहेबाला. माझ्या तोंडानं."

"मग काय म्हणाले ते?"

"म्हनला, बरा झालास न्हवं? मग भाकर काढ, लई भूक लागलीया."

आम्ही दोघंही खूप हसलो...

नंतर मी कितीतरी कॉम्प्युटर निकालात काढले. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हणालंच, मॅडम, एवढं कशाला? मी कधी वाद घातला नाही, डिस्क काढून घेतली. आपलं दुखणं कुणाला सांगायचं आणि कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं... भानुदासमामांना ते ठरवता आलं, याचा मला आजही आनंद वाटतो.