हौसाआत्यांची राखण

"हुऽऽर्र! हाऽऽ! मेले, पुन्हा आलीस का गं!" भल्या सकाळी गच्चीवरून हा आवाज, आणि पाठोपाठ पत्र्याच्या डब्यावर काठीचा दणका. चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून यावं, जरा डोळा लागावा, आणि हौसाआत्यांनी राखण सुरू करावी! दिघीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाडेकरू होतो. आत्या कुणाच्या लग्नाला बाहेरगावी गेल्या, तरच माझी झोप पुरी व्हायची.

राखण कसली, तर गच्चीवरच्या कुंड्यांची. आत्या जुन्या दिघीतल्या शेतकरी घरातल्या. मळा गेला, तिथे गोदामं झाली, मुलं जागेच्या व्यवहारात पडली. आत्यांच्या अंगातली शेतकरीण मात्र तसूभर हलली नाही. थर्माकोलच्या खोक्यांत त्यांनी टोमॅटो, मिरच्या, वांगी लावली, आणि पलीकडच्या लष्कराच्या हद्दीतल्या झाडांवरून खारी उतरल्या. टोमॅटो लाल व्हायचा अवकाश, की दात लागलाच. एक धरून पुरता खाल्ला असता तर समजलो असतो. पण प्रत्येकाला एकेक चावा! वर रोपं उकरलेली, कळ्या पडलेल्या.

"आत्या, एक बेचकी आणतो," मी म्हणालो.

"मारून तर बघ! राखण म्हंजी मारनं न्हवं रं सुधाकरा, जागं ऱ्हानं."

"पण जागा मी राहतोय, आत्या!"

"मग तू बी ये की वर. दोघं हाकलू."



एकदा झोपेचं खोबरं झालंच होतं म्हणून लवकर गच्चीवर गेलो, तर आत्या कठड्यावर ओंजळभर ज्वारी पसरत होत्या. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या आणि त्यांच्यामागून पंगतीला यावं तशा खारी. ज्वारी संपवून त्या तिथूनच टोमॅटोच्या खोक्यात उतरल्या, आणि आत्यांनी डबा उचलला. मी कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्हीच बोलावताय त्यांना!"

"ते पाखरांचं हाय. आमच्या मळ्यात पयला घास पाखरांचा असायचा. खारीला कुनी आवातनं दिलं?"

"मग थोडे दिवस दाणे बंद करा."

"आन पाखरं उपाशी मारू व्हय?"

चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि चोर आला म्हणून गाव गोळा करायचं! मी हात टेकले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं, पण त्या खोक्यांमध्ये एक वाळकाचा वेल होता. वाळूक म्हणजे शेतातली गावरान काकडी. आत्यांच्या सासूबाईंनी मळ्यात जपलेलं ते बी. मळा गेल्यावरही आत्या दर पावसाळ्यात ते लावायच्या, एक वाळूक वेलावरच पिकू द्यायच्या आणि त्याचं बी राखेत घोळून ठेवून द्यायच्या. गेल्या साली मात्र खारींनी एकही पिकू दिलं नाही. उरलंसुरलं सगळं बी आत्यांनी यंदा टाकलं, त्यातला एकच वेल जगला.

"ह्यो गेला तर संपलं रं," त्या म्हणाल्या. "बाजारात न्हाई मिळत ह्ये. माझ्या हातनं संपाया नगं."

आत्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मग मीही इरेला पेटलो. मिरचीचं पाणी शिंपडलं. आत्यांनी वेलाला हात लावून तेच हात डोळ्यांना लावले आणि दिवसभर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अख्ख्या वेलाभोवती जाळी उभी केली, "वेलाला कोंडतोस व्हय?" म्हणून त्यांनी तिचं दार सताड उघडं ठेवलं. खारींना आतच मुक्काम मिळाला. होती नव्हती ती वाळकं गेली, एक राहिलं. त्याला मी बारीक जाळीची घट्ट पिशवी करून घातली.

आत्या खूश. "तान्ह्या पोरावानी टोपडं घातलंस की!"

"आता हे पिकेपर्यंत तरी दाणे बंद करा. पाया पडतो."

"न्हाई."

बस्स, एवढंच. पुढे कारण नाही, काही नाही.

वाळूक पिवळं व्हायच्या आतच आत्या गेल्या. सकाळी गच्चीवर छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. खाली रडारड चालली होती. मला तिथे बसवेना, म्हणून वर जाऊन वेलाला पाणी घातलं. ज्वारी मात्र टाकली नाही, मुद्दामच. आणि काय सांगू, दोन-चार दिवसांत खारी यायच्या कमी झाल्या! मी म्हणत होतो तेच खरं निघालं. पण सांगू कुणाला? वाद घालायला माणूसच उरलं नव्हतं.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, पण एकही शिवेना. थोरला मुलगा दत्ता हात जोडून म्हणाला, "आई, आमी भाऊ भांडनार न्हाई." कावळे जागचे हलले नाहीत. धाकट्यानं पुतणीच्या लग्नाचा शब्द दिला. एक कावळा मान वाकडी करून नुसता बघत राहिला. ऊन चढलं, लोक घड्याळं बघू लागले. कावळा शिवत नाही म्हणून गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले.

"सुधाकरभाऊ, तुझ्याशी लय बोलायची ती," दत्ता म्हणाला. "तू बघ बोलून."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. आत्यांच्या हट्टावर मात्र पुरता होता. मी पुढे झालो. "आत्या, वाळूक पिवळं झालंय. बी मी धरतो. दर साली लावतो, संपू देत नाही."

मला वाटलं, झालं काम. कावळा उडाला आणि आणखी लांबच्या दगडावर जाऊन बसला.

आत्यांना काय हवंय ते मला कळलं, आणि असा राग आला! इथंसुद्धा?

"बरं, ठीक आहे!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "दाणेही टाकतो! रोज सकाळी टाकतो! खारी आल्या तरी टाकतो! झालं समाधान?"

कावळा खाली आला आणि घास उचलून गेला.

लोकांनी हात जोडले. मी मात्र तिथेच पायरीवर बसलो आणि रडू आवरेना. सहा वर्षांत बाईंनी मला एक वाद जिंकू दिला नव्हता, मेल्यावर तरी कशाला देतील?