खिडकीखालची तुळस

गिरण्यांच्या संपाला पाच वर्षं होऊन गेली होती. गिरणीतली नोकरी गेलेला सहदेव परब भांडुपच्या चाळीत आपल्या खिडकीखालचा उकिरडा उपसत होता. हौस म्हणून नव्हे. बायको रुक्मिणीला दमा. खिडकी उघडली की घाण वास, लावली की जीव घुसमटायचा. उघडी खिडकी, एवढंच त्याला हवं होतं.

चाळीने त्याच्या बोलण्यावर माना डोलावल्या आणि केर तिथेच टाकला. पालिकेत अर्ज देऊन देऊन त्याच्या चपला झिजल्या. शेवटी त्याने स्वतःच घमेलं उचललं. आठ दिवसांत कोपरा मोकळा केला आणि तिथे तुळशीवृंदावन बांधलं. देवासमोर कोण केर टाकणार, असा त्याचा होरा.

केर खरंच कोणी टाकला नाही. टाकलं ते निर्माल्य. शेजारच्या नलिनीने पहिला हार ठेवला, मग अख्ख्या चाळीचे हार, नारळाच्या शेंड्या, फुटक्या तसबिरी. झाडूवाल्यानेही हात जोडले, "देवाचं आहे, मी नाही उचलणार." श्रावणात फुलं कुजून पाणी सुटलं आणि खिडकी पुन्हा बंद झाली. सहदेव स्वतःच्या अकलेवर इतका चिडला, की दोन दिवस नीट जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने सगळं घमेल्यात भरलं.

"भाऊ, पाप लागेल," नलिनी म्हणाली.

"लागू दे. हिला श्वास घेता येत नाही, ते बघ."

तुळस त्याने आपल्या दारात नेली. कोपऱ्यात बाकडं टाकून रुक्मिणीला बसवलं. माणसाच्या पायाशी केर टाकायची चाळीला अजून लाज होती. पण ती उठली रे उठली, की केराची पुडी येऊन पडायची. म्हणून सहदेव मिळेल त्या कामाला बाहेर पडला, की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती बसून राहायची. खिडकी सताड उघडी, आणि जिच्यासाठी उघडी, ती बाहेर राखणीला.

"दमलंस गो?" सहदेवने विचारलं.

"दमलंय. पण उठलंय तर परत टाकतले."



एका दुपारी नलिनी तांदळाचं सूप घेऊन आली. "वहिनी, जरा आत पडा. निवडून होईपर्यंत मी बसते इथे."

रुक्मिणी आत गेली. थोड्या वेळाने उघड्या खिडकीतून तिचं घोरणं ऐकू आलं, तेव्हा कामावरून लवकर परतलेल्या सहदेवला रडू फुटलं. नलिनीचे तांदूळ निवडून झाले होते. ती पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.