एका झटक्यात गेलेला दोरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा तोंड उघडून नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे—पण सरळ सांगता येईल का? आधी आजाराचंच सांगते. आजाराच्या आडून बोलायची मला सवय आहे.

नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेत आम्ही पांडेसऱ्याला राहायचो. नवरा रंगाच्या मिलमध्ये, मी घरी साड्यांना लेस लावायची. आणि माझा थायरॉइड बिथरला, गरजेपेक्षा जास्त धावायला लागला. छाती धडधडायची, खाल्लेलं अंगी लागेना, हात इतके थरथरत की सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर थोड्याच दिवसांत सगळं उलटं—तोंड सुजलं, बोलता बोलता झोप लागायची, सुरतेच्या उन्हाळ्यात मी गोधडी पांघरून बसायची. गोळी कमी केली की पुन्हा धडधड. वाढवली की पुन्हा मढं. ही मी कोण, असं वाटायचं. मरण परवडलं, असंही वाटायचं. लेकीवर हात उगारायची आणि मग तिलाच कवटाळून रडायची.

सासूबाई धुळ्याकडच्या गावाहून आल्या त्या माझ्यासाठीच. विधवा बाई, मोजकं बोलणारी. भाकरी, धुणं, लेकीची वेणी—सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. मी ताट ढकललं, नाही नाही ते बोलले, तरी शेजारणींना सांगायच्या, "ती नही बोलत, तिना आजार बोलस."

खरंच होतं ते. तेव्हा खरं होतं.

मग एकदाची गोळी लागू पडली. दवाखान्यात मी एकटीच गेले होते. डॉक्टर म्हणाले, "हवे बराबर छे, बेन. आटली ज गोळी चालु राखजो." आता सगळं ठीक आहे, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्या सकाळी सुईत दोरा एका झटक्यात गेला होता. मी बरी झाले होते, आणि घरात हे फक्त मला ठाऊक होतं.

आनंदाने सांगायलाच घरी आले—हो, सांगायलाच. तर लेक आजीच्या मांडीवर. मी "ये" म्हटलं, तर तिने आजीच्या पदरात तोंड लपवलं. एवढंच झालं. एवढ्यावरून पोटात जे पेटलं, त्याला राग म्हणू? मत्सरच तो. मी सासूबाईंना म्हणाले, "पांढऱ्या पायाच्या तुम्ही. नवरा खाल्लात, आता माझं घर खायला आलात."

डोकं थंड होतं माझं. कुठे लागेल ते बघून बोलले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्या पिशवी भरत होत्या. लेकीने ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा बघून मी घाबरले. "डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं. आणि मी—कसं सांगू तुम्हाला—मी हात पुढे केला आणि थरथरवला. मुद्दाम. "गोळी परत बिघडलीय," म्हणाले.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मुलाला म्हणाल्या, "मी सांगस ना, ती नही बोलत."

त्या राहिल्या. माझ्या आजारासाठी सोमवार धरले, तेही अळणी. सांगता आलं नसतं का मला? एरवी जीभ चांगली धारदार आहे माझी. पण मी त्यांना उपास करू दिले. पुढे गावी अंथरुणाला खिळल्या, माणसं ओळखेनात, तरी मला बघून विचारायच्या, "गोळी लिधी का, माय?" मी "हो, घेतली" म्हणायची. त्यातच त्या गेल्या.

अजून लेस लावते मी. चष्मा आलाय, पण सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. हात थरथरत नाही. तेव्हाही थरथरत नव्हता.