बैलाचं तोंड कुणीकडे

वराळ्याचा अंबाजी रेल्वेच्या रंगकामाच्या टोळीत अकरा वर्षं होता. स्टेशनांच्या पाट्यांवर तो तीन लिप्यांत नावं काढायचा आणि त्यांतली एकच त्याला वाचता यायची. इंग्रजी आणि गुजराती अक्षरं तो घडा काढावा, फूल काढावं, तशी काढायचा. अर्थ आडवा येत नसल्यामुळे शब्दाचं नुसतं वजन त्याला दिसायचं. एकदा शिडीवरून पडून त्याची टाच मोडली, तेव्हा साहेबाने मोठ्या मनाने त्याला शिडीऐवजी घराचा रस्ता दाखवला. मग त्याने लोणावळ्याच्या बाजारात एक गाळा घेतला आणि लोक त्याला अंबाजी पेंटर म्हणू लागले.

सन छत्तीसमध्ये मावळातल्या भातवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली. आंबेमोहर थेट मुंबईला पाठवायचा, असा बेत होता. अध्यक्ष झाले तळेगावचे माधवराव. ते कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती. सरकारच्या नजरचुकीने राहून गेली असावी, म्हणून त्यांनी स्वतःच घेतली होती. चिटणीस होते दीनानाथ मास्तर. शेतकऱ्यांच्या बाजूने महिपती होता. त्याला भातातलं सगळं कळत असल्यामुळे बैठकीत त्याला शेवटी विचारत.

पोत्यांवर छापायला निशाणी हवी होती. बैल आणि मंडळीचं नाव, एवढं ठरलं. अंबाजीने चार दिवस खपून कागद तयार केला. डावीकडे बैल, उजवीकडे दोन ओळींत नाव. बैलाची उंची दोन्ही ओळींएवढी आणि मधे दीड बोट मोकळी जागा. बैलाचं तोंड नावाकडे.

“डोळा जनावराच्या तोंडामागं जातो,” अंबाजी समजावून सांगू लागला. “बैलानं नावाकडं बगितलं की आपुन बी नावाकडं बगतो.”

शाळेच्या खोलीत सात सभासद विद्यार्थ्यांच्या बाकांवर दाटीने बसले होते. चित्रकलेतलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे चर्चा अडीच तास चालली.

पहिला आक्षेप महिपतीने विचारायच्या आधीच घेतला. “बैल मोकळा, आन् त्येच्या म्होरं तांदूळ? मुसकं न्हाई, काय न्हाई. दोन घासांत नाव खाईल की त्यो!”

हा मुद्दा बहुतेकांना पटला. पाच विरुद्ध दोन मतांनी बैलाचं तोंड फिरवण्यात आलं. तोंड फिरलं तशी शेपटी नावाकडे आली, ती नेमकी नावाच्या सुरुवातीच्या ‘श्री’वर. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

“हे चालायचं नाही,” ते म्हणाले. “बैलाचं काय सांगता येतं?”

म्हणून बैल उचलून नावाच्या वर नेला. मग रावसाहेबांना तो लहान वाटू लागला. “बैल लांबून दिसला पाहिजे, अंबाजी. अगदी आगगाडीतून!” पोती आगगाडीत असणार आणि आगगाडीतून ती कोण बघणार, हे कुणी विचारलं नाही. इकडे मास्तरांनी नाव पुरं करून आणलं होतं: श्री भैरवनाथ प्रसन्न मावळ तालुका आंबेमोहर तांदूळ उत्पादक व विक्री सहकारी मंडळी मर्यादित. एकही शब्द गाळला तर अर्थाचा अनर्थ होईल, असं त्यांचं म्हणणं. बैल फुगत गेला तशी अक्षरं आकसत आकसत तिळाएवढी झाली.

अंबाजीने शेवटचा उपाय म्हणून कागद उलटा धरला. “रावसायेब, आसं बगा जरा. उलटं केलं की वाचता येत न्हाई, मंग निस्ता भार दिसतो. समदं वझं एकाच अंगाला झालंय.”

रावसाहेब मंद हसले. “अंबाजी, आपण पोती उलटी ठेवणार नाही.”

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. अंबाजीने कागद सुलट केला आणि घरी जाऊन सांगितलं तसा पत्र्याचा साचा कापला. साच्यात अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मधे बारीक दांडी ठेवावी लागते. तिळाएवढ्या अक्षरांना कसलं पोट आणि कसली दांडी? छापल्यावर नावाच्या जागी मुंग्यांची रांग उमटली. तिच्यावर बैल मात्र असा, की पोत्यात बैलच भरला असावा.

तीन आठवड्यांनी मुंबईहून दलालाचं पत्र आलं. हमालांनी पोती उतरवताना बैल पाहिला आणि सगळी पोती गुरांच्या खाद्याच्या वखारीत, सरकी नि पेंडीच्या शेजारी नेऊन रचली. एका गवळ्याने त्यांतली दोन नेली. माल उत्तम असल्याचं त्याने आवर्जून कळवलं होतं. म्हशी खूश होत्या.

मंडळीची तातडीची बैठक भरली आणि दोष अंबाजीचा असल्याचं एकमताने ठरलं. “रंगाऱ्याला तोल सांभाळता आला नाही,” असं रावसाहेबांनी इतिवृत्तात लिहवून घेतलं.

अंबाजी घरी येऊन तणतणू लागला. “माझा पयला कागद ठिवला आसता तर आसं झालं नसतं!”

त्याची बायको मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आवं, पर तुमी तरी वखारीत पोती रचल्याली कवा बगितलीत?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लंगडत लंगडत तो मुंबईच्या वखारीत जाऊन उभा राहिला. पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत गेलेल्या. दत्तोबा नावाच्या हमालाने पाठीवरचं पोतं वर फेकलं आणि घाम पुशीत विचारलं, “काय शोदताय, पाव्हणं?”

“निशाणी.”

“ती हाय की, पोटाखाली. पोतं आडवं पडलं, त्याच्यावर दुसरं पडलं, मंग काय दिसनार? आमाला निस्तं टोक दिसतं. आन् वाचतंय कोन हितं?”

अंबाजीने मनातल्या मनात आपला पहिला कागद त्या थप्पीत घालून पाहिला. नाव वरच्या पोत्याखाली चिरडलं जात होतं आणि बाहेर राहत होता बैलाचा पार्श्वभाग. त्याचे कान तापले. अकरा वर्षं त्याने पाट्या रंगवल्या होत्या, पण पाटी कधी दुसऱ्या पाटीखाली झोपत नाही. मंडळी चुकली होती, हे तर खरंच. पण तोही चुकला होता आणि तेही स्वतःला शहाणा समजून. चुकीच्या बाबतीत सहकार अगदी पुरा झाला होता.

तो घरी आला आणि नव्याने बसला. पोत्याच्या टोकावर मावेल एवढीच जागा त्याने आखली. नावातलं सगळं गाळलं आणि एकच शब्द ठेवला: मावळ. या शब्दाच्या डोक्यावर ना मात्रा, ना वेलांटी. सरळ, सपाट शिरोरेघ. तीच त्याने बैलाच्या पायाखालची जमीन केली. बैल शब्दाएवढाच रुंद. मोजपट्टीने तो अगदी मध्यावर आला, पण वशिंड आणि मान पुढे असल्यामुळे डोळ्याला पुढे पडल्यासारखा दिसू लागला. दोन दिवस अंबाजी त्याला मागेपुढे सरकवत राहिला. शेवटी बोटभर मागे घेतल्यावर बैलाने पाय रोवले. मुक्ताबाई लांबून म्हणाली, “आता हुबा ऱ्हायला.” अंबाजीने लगेच पत्रा कापायला घेतला.

मंडळीने या वेळी चर्चा केली नाही. दलालाचं पत्र टेबलावरच होतं. ‘अध्यक्षमहाशयांच्या सूचनेनुसार सुधारलेली निशाणी’ मंजूर झाली आणि सभासदांनी एकमेकांचे आभार मानले. पोती योग्य वखारीत जाऊ लागली. हमाल लांबूनच म्हणत, “रेघंवरचा बैल हिकडं घ्या.”

दोन-तीन वर्षं गेली. एके दिवशी महिपती गाळ्यात धापा टाकत आला आणि अंबाजीला ओढतच बाजारात घेऊन गेला. हौशीराम नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात जाड्या, तुकड्या तांदळाची पोती होती आणि प्रत्येकावर तोच बैल, तोच शब्द.

“बगा! दिवसाढवळ्या चोरी!” महिपती ओरडला. “बोला आता, अंबाजीभाऊ!”

अंबाजी पोत्याजवळ गेला, मागे आला, मान तिरपी करून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला. हौशीराम गल्ल्यामागे सरकला.

“शेट,” अंबाजी म्हणाला, “ह्यो बैल कुणी बसिवला?”

“का... का बरं?”

“मोजपट्टीनं बसिवलाय त्यो! पडतोय म्होरं. बोटभर मागं घ्या त्येला. बगवत न्हाई.”

आणि खिशातला खडू काढून त्याने पोत्यावर खूण करून दिली.

पुढच्या आठवड्यात हौशीरामची पोती अशी सुधारली, की खरी कुठली ते मंडळीलाही ओळखता येईना. मंडळीने अंबाजीकडे लेखी खुलासा मागितला. ते पत्र आलं तेव्हा अंबाजी खंडाळ्याला होता. तिथे एका बंगल्याच्या मालकाला फाटकावरच्या वीतभर पाटीवर आपलं नाव, वडिलांचं नाव, दोन पदव्या आणि उगवता सूर्य, एवढं सगळं हवं होतं.